हवेचा रकाना

नोव्हेंबर आला की आमच्या चेंबूरच्या टेनिस कोर्टांवर सकाळ थोडी उशिरा उतरते. आधी अशोकाच्या शेंड्यांवर पिवळट उजेड येतो, मग कुंपणाच्या जाळीवर, मग कुठे जमिनीवर. तोवर पलीकडच्या कोर्टावर कोण खेळतंय ते दिसत नाही. नुसता चेंडूचा आवाज येतो. टप्. थोडं थांबून, टप्. यंदा गुडघ्यांमुळे मला फार वेळ उभं राहवत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसते, वही मांडीवर ठेवते आणि ऐकत राहते. असं बसलं की वर्षं एकमेकांत मिसळायला लागतात. समोर पळणारी मुलं यंदाची आहेत की तीन वर्षांपूर्वीची, हे क्षणभर कळेनासं होतं.

मी घाटकोपरच्या एका शाळेत पीटी शिकवायचे. निवृत्त झाले आणि महिन्याभरातच रणजितचा फोन आला. रणजित माझा जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा, टेनिसचा कोच. मला अजून बाईच म्हणतो.

"बाई, पोरांचे फटके मस्त आहेत," तो म्हणाला, "पण तिसऱ्या सेटला सगळ्यांची वाट लागते. यांचा दम मोजायला कोणीतरी पाहिजे. तुम्ही या ना."

मी गेले. तेव्हापासून पावसाळा संपून कोर्ट वाळलं की माझा हंगाम सुरू होतो. सफाईवाले शेवाळ खरवडून काढतात, त्याचा ओलसर वास दोन-तीन दिवस रेंगाळतो, मग रंगाचा वास येतो, आणि मग मी माझ्या दोन चुन्याच्या रेघा मारते, एकमेकींपासून वीस मीटरवर.

दम मोजायची रीत साधी आहे. मोबाइलला छोटा स्पीकर जोडायचा. पिप् वाजलं की पळायचं, पुढचं पिप् वाजायच्या आत समोरच्या रेघेला पाय लावायचा, वळायचं, परत यायचं. दर मिनिटाला पिप् थोडं थोडं लवकर येतं आणि पातळी एकने चढते. सलग दोनदा रेघ चुकली की बाहेर. जिथे थांबलात तो आकडा माझ्या वहीत. टेनिसच्या मुलांसाठी रणजितने त्यात एक भर घातली होती. पळायचं ते रॅकेट घेऊन, आणि रेघेवर पोचलं की चेंडू असल्यासारखा एक फटका हवेत मारायचा. कारण खेळताना कोणी मोकळ्या हाताने पळत नाही, आणि धापा टाकत पोचल्यावरही खांदा वळवावाच लागतो.

लांबून पाहणाऱ्याला ते दृश्य विचित्र वाटत असेल. धुरकट उजेडात दहा-बारा मुलं एका ओळीत पळताहेत, टोकाला जाऊन नसलेल्या चेंडूला मारताहेत, परत फिरताहेत. बुटांचा चरचर आवाज, मग रॅकेटचा सूं, मग पुन्हा बूट. मला ते बघताना गुंगी यायची. एकेक मूल ओळीतून गळत जायचं, कमरेवर हात ठेवून कुंपणाशी जाऊन उभं राहायचं, आणि शेवटी एखादंच उरायचं. रिकाम्या कोर्टावर ते एकटं मूल येत-जात राहिलं की बाकीची सगळी त्याच्या फेऱ्या मोजायला लागत. 

तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात अशी शेवटपर्यंत उरू शकणारी मुलगी प्रज्ञा होती. प्रज्ञा साळवे. चौदा वर्षांची, लांब हातांची, फारसं न बोलणारी. देवनारच्या बाजूला राहायची, सकाळी वडिलांबरोबर बसने यायची. वडील तिला फाटकाशी सोडून तसेच पुढे अंधेरीला कामावर जात. तिचा बॅकहँड बघून रणजित एकदा मला म्हणाला होता, "बाई, हे मी शिकवलेलं नाही. ही घरून घेऊन आलीय."

ऑक्टोबरमध्ये पहिल्या चाचणीत ती आठव्या पातळीपर्यंत गेली. मुलग्यांमध्येसुद्धा एकच जण तिथवर पोचला होता. दहा दिवसांनी दुसरी चाचणी झाली तेव्हा ती पाचव्या पातळीलाच बाहेर पडली. मला वाटलं, पाळीचे दिवस असतील. विचारलं, तर नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी सात. चौथ्या वेळी पुन्हा पाच.

इतक्या वर्षांत मी शेकडो मुलं पळताना पाहिली होती. कोणाचा आकडा हळूहळू चढतो, कोणाचा तिथेच राहतो, आजारपणात घसरतो. असा वर-खाली उड्या मारणारा आकडा मी पाहिला नव्हता. रणजितने त्याचं उत्तर काढलं होतं. 

"मूडी आहे ती. मनात असेल तेव्हा पळते."

आणि मला ते पटलं. हे लिहिताना आजही अवघडायला होतं. चौथ्या चाचणीनंतर मी तिला बाजूला घेतलं आणि शाळेतल्या आवाजात म्हटलं, "प्रज्ञा, देवाने दिलंय ते असं वाया घालवू नकोस. तू जीव ओतून पळत नाहीस."

ती रॅकेटची तार बोटाने सरळ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मी थांबत नाही मॅडम. पाय पळतायत. आत हवाच जात नाही."

"असं होत नसतं," मी म्हणाले.

तिने रॅकेट पिशवीत घातली आणि निघाली. दुसऱ्या दिवशी मात्र तिचे वडील फाटकावरून परत न फिरता आत आले. साळवे मूळचे जालन्याकडचे. बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाले, "मॅडम, पोरीने सांगितलं. तुम्ही रागावलात ते तिच्या भल्यासाठीच. पण मला एक विचारायचंय. तुमची वही बघू का?"

मी वही दिली. ते उभ्याउभ्याच पानं उलटत राहिले. मग त्यांनी सांगितलं की अंधेरीला औद्योगिक वसाहतीत ते मापं तपासायचं काम करतात. कारखान्यांतले वजनकाटे, दवाखान्यांतली तापमापकं त्यांच्याकडे येतात, आणि ती खरं दाखवतात की नाही हे ते बघतात.

"आमच्याकडे काय असतं मॅडम," ते म्हणाले, "एकच वजन दोन दिवशी वेगळं आलं, तर आधी काटा बघतो. काटा बरोबर असेल तर वजन बघतो. दोन्ही बरोबर असतील तर मग खोली बघतो. त्या दिवशी खोलीत उकाडा किती होता, दमट किती होतं. म्हणून मोजायच्या आधीच आम्ही खोली लिहून ठेवतो. तुमच्या वहीत मुलांची नावं आहेत, आकडे आहेत. हवा कुठेच लिहिलेली नाही."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एका मोजणाऱ्याने दुसऱ्या मोजणाऱ्याला सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं, घड्याळ बघितलं आणि बस पकडायला गेले.

त्या दिवशी घरी येऊन मी पट्टीने वहीत एक नवा रकाना आखला.

हवा लिहायची कशी, हे मला कुठे ठाऊक होतं. सुरुवातीला मी नुसतं "धुरकट" किंवा "बरी" असं लिहायचे. मग हळूहळू डोळे शिकले. आमच्या गच्चीवरून पाण्याच्या दोन टाक्या दिसतात, एक जवळची, एक लांबची. लांबची दिसली की तसं लिहायचं. जवळचीही पुसट झाली तर तसं. मग नाक शिकलं. दमट सकाळी नुसता धुक्याचा थंड वास असतो. पण काही सकाळी पूर्वेकडून एक गोडसर, जळक्या प्लास्टिकचा वास यायचा आणि जिभेवर बसायचा. म्हणजे तिकडे देवनारला कचऱ्याच्या डोंगरावर कुठेतरी धुमसत असणार. इतकी वर्षं चेंबूरमध्ये काढून मी तो वास ओळखत होते, पण कधी त्याची नोंद घ्यावीशी वाटली नव्हती. खिडकी लावायची आणि चहा टाकायचा, एवढंच.

ते आठवडे आता आठवले की सगळं मऊ कापसातून दिसल्यासारखं दिसतं. पहाटेचा रस्ता, इडलीवाल्याच्या सायकलीचा भोंगा, कोर्टाच्या जाळीवर दवाचे थेंब, आणि त्या सगळ्यावर एक करडा पडदा. सुंदरही वाटायचं ते, खरं सांगायचं तर. सूर्याकडे सरळ बघता यायचं. मुलं धुरकटातून पळत माझ्याकडे यायची तेव्हा आधी बुटांचा आवाज यायचा, मग पांढरे मोजे दिसायचे, मग चेहरे. आणि त्या सौंदर्यात काय आहे ते माझ्या वहीत हळूहळू जमा होत होतं.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी एक अशा सात चाचण्या झाल्यावर मी तो रकाना आणि प्रज्ञाचा रकाना शेजारी ठेवून वाचला. लांबची टाकी दिसली, त्या दिवशी आठ, सात, आठ. पूर्वेचा वास होता, त्या दिवशी पाच, पाच, सहा. एका दिवशी हवा मधलीच होती, आकडाही. मुलुंडहून गाडीने येणाऱ्या मुलांचे आकडेही अशा दिवशी थोडे उतरले होते, पण थोडेच. ती मुलं तासभर त्या हवेत पळायची आणि घरी जायची. प्रज्ञा रात्रभर त्याच हवेत झोपून मग पळायला यायची.

मी रणजितला वही दाखवली. त्याने दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आयला. आणि आपण तिला मूडी म्हणतोय."

छातीच्या डॉक्टरांकडे तिला मीच घेऊन गेले. तिची आई सोबत होती. प्रज्ञाने एका नळीत तीन वेळा जोराने फुंकलं, पडद्यावर वाकडी रेघ उमटली, आणि डॉक्टर म्हणाले की दमा आहे, सौम्य आहे, रोज श्वासाचा पंप घ्यायचा, खेळ थांबवायची गरज नाही. बाहेर आल्यावर आई जिन्यापाशी थांबली.

"मॅडम, दमा म्हणू नका कोणाला," ती म्हणाली. "ॲलर्जी म्हणा. पोरीची जात आहे. एकदा शब्द चिकटला की सुटत नाही."

"आई, मला चालेल," प्रज्ञा म्हणाली.

"तुला चालून काय करायचंय," आई म्हणाली, आणि औषधाची पिशवी पदराखाली घेऊन उतरायला लागली.

खरी अडचण पुढेच होती. बाहेरगावी मुलांसाठी टेनिसचं एक निवासी केंद्र होतं. राहणं, शाळा, खेळ, सगळं तिथेच. आमच्या कोर्टांवरून त्या वर्षी एकाच मुलाला पाठवायचं होतं. खेळात प्रज्ञाच्या जवळ कोणी नव्हतं. पण केंद्राची अट होती की दमाच्या चाचणीत निदान आठवी पातळी हवी, ती त्यांनी कळवलेल्या आठवड्यातच झालेली हवी, आणि कोच व चाचणी घेणारा या दोघांची सही हवी. तो आठवडा डिसेंबरच्या सुरुवातीला आला. पंप सुरू होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. सोमवारपासून मी गच्चीवर जाऊन टाकी शोधत होते. जवळचीही दिसत नव्हती.

आम्ही शनिवारपर्यंत वाट बघितली. शनिवार शेवटचा दिवस. सकाळी फाटकातून आत शिरतानाच जिभेवर ती चव आली.

"नको पळवू या तिला," मी रणजितला म्हणाले.

"नाही पळाली तर संपलंच ना बाई."

प्रज्ञाने आमचं बोलणं ऐकलं होतं. ती बुटाची नाडी बांधत होती. "मी पळणार," म्हणाली. "पंप घेतलाय."

ती एकटीच पळाली. बाकीची मुलं कुंपणाशी उभी होती. पिप्, बूट, रॅकेटचा सूं. पहिल्या तीन पातळ्या ती इतकी हलकी होती की मला वाटलं, आज जमेल. चौथीला तिचा खांदा फटक्यात वळेनासा झाला. पाचवीला ती माझ्या बाजूच्या रेघेवर आली तेव्हा मला तिचा श्वास ऐकू आला. बारीक शीळ घातल्यासारखा. ओठांचा रंग उतरला होता. रेघ मात्र एकदाही चुकली नव्हती. ती वळली, गेली, परत आली, आणि शीळ वाढलेली होती.

मी शिट्टी वाजवली.

ती थांबली नाही. मी पुढे जाऊन तिचा दंड धरला. "बस."

"सोडा मॅडम."

"बस म्हटलं ना."

"मी चुकले नाहीये. एकदाही नाही चुकले. तुम्ही का थांबवता?"

तिला खुर्चीत बसवलं, पुन्हा पंप दिला, पाणी दिलं. पाठीवर हात ठेवून मी तिचे श्वास मोजत होते आणि ती माझ्या हातापासून पाठ लांब नेत होती. दहा-पंधरा मिनिटांनी शीळ गेली. रणजित तोवर टेबलाशी तो छापील फॉर्म घेऊन उभा होता. मी जवळ गेल्यावर आवाज उतरवून म्हणाला, "आठ लिहा. गेल्याच महिन्यात दोनदा पळालीय ती आठ. आपण खोटं कुठे बोलतोय?"

फॉर्म माझ्या हातात होता. प्रज्ञा लांबून बघत होती. तो क्षण मी नंतर इतक्या वेळा आठवलाय की त्याच्या कडा झिजल्या आहेत. मला तत्त्व वगैरे काही आठवलं नव्हतं. मला एवढंच वाटलं की ही आठवर पळते असं लिहून हिला पाठवलं, तर तिथे धुराच्या एखाद्या सकाळी ही अशीच पळेल, आणि तिचा श्वास ऐकणारं तिथे कोणी नसेल. मी पाच लिहिलं. खाली लिहिलं, चाचणी घेणाऱ्याने थांबवली. वहीच्या त्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, सोबत डॉक्टरांचा कागद.

केंद्राकडून चार ओळींचं उत्तर आलं. अट पूर्ण होत नाही. मुलुंडचा एक मुलगा गेला. चांगला मुलगा, जाताना प्रज्ञाला रॅकेटच्या मुठीला गुंडाळायची स्वतःची ग्रिप देऊन गेला.

प्रज्ञाने येणं बंद केलं. आठवडा गेला, दुसरा गेला. मी फोन केला की आई म्हणायची, अभ्यास करतेय. मी कोर्टावर बसायचे आणि पलीकडून चेंडूचा आवाज आला की वाटायचं, तिचा बॅकहँड. तसं नसायचं. मी थांबवलं नसतं तर ती सहावीला पडली असती, की सातवीला, की हट्टाने आठवी गाठली असती? मला माहीत नाही. माहीत होणारही नाही. थांबवलं ते बरोबर केलं असं माझं डोकं म्हणायचं, आणि हाताला अजून तो ओढला गेलेला दंड जाणवायचा.

जानेवारीत एका सकाळी साळवे आले, एकटेच. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी पिशवीतून माझ्याच वहीच्या झेरॉक्स काढल्या. समासात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

"मी हे घरी लावलंय भिंतीवर," ते म्हणाले. "आमच्या मिसेसना रोज दाखवतो. घर बदलू म्हटलं की त्या म्हणतात, इथे आपली सगळी माणसं आहेत, विहार आहे, बहीण आहे शेजारी. खरं आहे त्यांचं. पण मॅडम, एवढं स्वच्छ मोजलेलं असताना मी डोळे कसे मिटू? मला पुढची पानंही पाहिजेत. डिसेंबरची."

मी दिली. त्यांनी पानं नीट दुमडून ठेवली.

"प्रज्ञा कशी आहे?"

"रुसलीय," ते म्हणाले. "पण परवा भावाला सांगत होती, मी आळशी नव्हते, मला दमा होता. ठसक्यात सांगत होती."

एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, साळव्यांनी मुलुंडला भाड्याने दोन खोल्या घेतल्या, झाडीच्या डोंगराच्या बाजूला. साळवे तिथून दोन बस बदलून अंधेरीला जायला लागले. प्रज्ञा तिथल्या कोर्टावर खेळायला लागली. ती मोठी खेळाडू वगैरे झाली नाही. आंतरशालेय स्पर्धांत जिंकली, पुढे एकदा राज्यपातळीवर दुसऱ्याच फेरीत हरली. आता बारावीला आहे. 

मागे राहिलेल्यांचा विचार मात्र माझी पाठ सोडत नाही. ती टेनिस खेळत होती म्हणून तिचा श्वास कोणीतरी मोजला. तिच्या जुन्या इमारतीतली, त्याच जिन्यावरची बाकीची मुलं वीस मीटरच्या रेघांमध्ये कधी पळणार नाहीत. शाळेत धापा टाकतील तेव्हा त्यांना कोणीतरी आळशी म्हणेल, माझ्यासारखंच. यंदा रणजितने जवळच्या दोन शाळांमधून मुलं आणायला सुरुवात केली आहे, खेळायला नाही, नुसतं पळून दाखवायला. कागद डॉक्टरांकडे जातात. दोन शाळा म्हणजे किती, हे मलाही कळतं.

गेल्या रविवारी प्रज्ञा आली होती, मला मदत करायला. तीन वर्षांत आम्ही त्या शनिवारबद्दल बोललो नव्हतो. मुलं गेल्यावर आम्ही दोघी खुर्च्या टाकून बसलो. ऊन नुकतंच जमिनीवर आलं होतं.

"अजून राग आहे का गं?" मी विचारलं.

तिने विचार केला. "सीट गेल्याचा होता. खूप दिवस होता." मग रॅकेट मांडीवर आडवी ठेवून म्हणाली, "मॅडम, मुलुंडला गेलो ना, तर पहिले काही दिवस मला पहाटेच जाग यायची. का ते कळायचं नाही. घरात काहीतरी कमी आहे असं वाटायचं. पंखा चालू, बाबांचं घोरणं चालू, भाऊ शेजारी. मी पडून राहायची आणि ऐकायची."

"मग?"

"मग एक दिवस कळलं. आई खोकत नव्हती."